शटर ओढायची वेळ

(दृश्य: नवीन टॉवर, खाली गाळ्यांची रांग, बहुतेक शटरं बंद)

संध्याकाळचे साडेआठ वाजलेत. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात अशा बिल्डिंगा आता ढिगाने झाल्यात, वरचे फ्लॅट भरलेले आणि खाली दहा गाळे, त्यातले चालू तीन. एक मेडिकल, एक मोबाईलवाला, कोपऱ्यावर वडापाव. बाकीच्या शटरवर "भाड्याने देणे आहे" आणि ब्रोकरचा नंबर.

मेडिकलमध्ये काउंटरमागे एक मुलगी आहे, डी.फार्म झालेली, एकटीच. मालकांचं दुसरं दुकान स्टेशनजवळ आहे, ते तिकडे बसतात, इथे रात्री हिशोबाला येतात, कधी कधी तेही नाही, मग गल्ला तीच मोजते आणि चिठ्ठीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करते. तिचं नाव सांगत नाहीये, दुकानही दाखवत नाहीये, आणि खरं तर दाखवायची गरज पण नाही कारण असं एक दुकान तुमच्या घराखाली असणारच.

दिवसा तिला काही टेन्शन नसतं. साडेआठनंतर गिऱ्हाईक बदलतं. दोघं येतात, बाईक चालूच ठेवतात, "ताई एक पत्ता द्या ना, चिठ्ठी घरी राहिली". पत्ता कसला तर झोपेच्या गोळ्यांचा, नाहीतर कोडीनवालं, नशा येणारं खोकल्याचं सिरप. आता ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, २०१४ पासून नियम असा आहे की डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं ते सगळं लिहायचं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवायचं. नियम चांगलाच आहे, प्रश्नच नाही. पण तो पाळायचा म्हणजे कोणीतरी समोरच्याला नाही म्हणायचं असतं, आणि ते नाही म्हणणारं माणूस रात्री नऊला काउंटरवर एकटं आहे याचा विचार नियमात कुठे नाही. ती म्हणते, मी "स्टॉक संपला" सांगते, नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की भांडण होतं.

दुसरी गोष्ट मला आधी सुचली पण नव्हती. दुकानाच्या पाटीवर होम डिलिव्हरीसाठी जो नंबर लिहिलाय तो तिचाच, पर्सनल. मालकांनी सांगितलं दुसरं सिम कशाला, तुझाच टाकू. मग काय, डायपर मागवणारा माणूस रात्री साडेअकराला "जेवलीस का" विचारतो, ब्लॉक करावं तर तो रेग्युलर गिऱ्हाईक, बिल्डिंगमधलाच, उद्या पुन्हा समोर येणार. आणि बाथरूम? गाळ्यात नाही. सोसायटीच्या वॉचमनकडे चावी असते, पण दुकान सोडून जायचं कसं, म्हणून संध्याकाळी पाचनंतर ती पाणीच पीत नाही. हे सेफ्टीत मोडतं का माहीत नाही म्हणाली. मोडतं, अजून कशात मोडणार.

(दृश्य: शटर, आकडी, कुलूप, फक्त हात)

पण सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे बंद करायची. आकडीने शटर ओढायचं, मग खाली उकिडवं बसायचं, डावीकडे एक कुलूप, उजवीकडे एक, तोंड शटरकडे आणि पाठ रस्त्याकडे, खांद्याच्या पिशवीत दिवसभराची कॅश, आणि बाहेरचा दिवा गेलेला असेल तर मोबाईलचा टॉर्च दातात. यूपीआयमुळे कॅश कमी झाली हे खरंय. पण पिशवीत किती आहे हे बाहेरच्याला थोडीच कळतं, त्याला एवढंच कळतं की रोज ह्याच वेळेला ही पिशवी निघते.

१९७० च्या दशकात अमेरिकेत सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांवर दरोडे पडायचे, उघडी असायची रात्रभर आणि आत एखादाच माणूस. कंपनीने मग जे केलं ते मला फार आवडतं. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्यांनाच बोलावलं आणि विचारलं, बाबांनो तुम्ही दुकान निवडता कसं? उत्तरं साधी होती. कॅश किती सापडेल, बाहेरून आतलं दिसतं का, पळायला वाट कुठून आहे. त्यावर त्यांनी काचेवरची पोस्टरं काढली, काउंटर रस्त्यावरून दिसेल असा केला, गल्ल्यात थोडेच पैसे ठेवायचे आणि बाकीचे अशा तिजोरीत टाकायचे जी तिथल्या माणसाला उघडताच येत नाही, आणि तसं बाहेर लिहून ठेवायचं. दरोडे कमी झाले. हेच सेव्हन-इलेव्हन २०२१ मध्ये आपल्या अंधेरीत आलं.

आता आपल्या मेडिकलची काच बघा. प्रोटीन पावडर, डायपर, शुगर तपासणी, कंपनीचा माणूस येतो आणि चिकटवून जातो. आत काय चाललंय ते वडापाववाल्या काकांना दहा फुटांवरून दिसत नाही, आणि ह्या मुलीची सगळी सिक्युरिटी म्हणजे ते काकाच आहेत.

कायदा आहे ना, तुम्ही म्हणाल. आहे. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा. त्यात लिहिलंय की बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती पाहिजे, संरक्षणाची सोय पाहिजे, आणि घराच्या दारापर्यंत गाडी मालकाने द्यायची. वाचायला एकदम भारी. पण तो आला तेव्हा लागू होता १० किंवा जास्त कामगार असतील तिथेच. त्याच्या खालच्या दुकानांनी फक्त धंदा चालू केल्याची माहिती कळवायची, संपलं. आधीचा १९४८ चा कायदा, ज्याचं गुमास्ता लायसन्स भिंतीवर टांगलेलं असायचं, तो लहान दुकानालाही लागायचा. इन्स्पेक्टरचा त्रास होता, हप्ते होते, सगळं मान्य, पण तो त्रास कमी करताना एकट्या माणसाचं दुकान पूर्णच बाहेर गेलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तो १० चा आकडा २० करायला मंजुरी दिली. म्हणजे जिथे वीस जण आहेत, एकमेकांना हाक मारू शकतात, तिथे कायदा, आणि जिथे हाक मारायला कोणी नाही तिथे काही नाही.

हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मेपल रिज गावी ८ मार्च २००५ ला ग्रँट डीपाटी नावाचा २४ वर्षांचा मुलगा पेट्रोल पंपावर रात्री एकटा होता, पैसे न देता पळणाऱ्या गाडीला अडवायला गेला, गाडीने फरफटत नेलं, गेला. आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००८ पासून तिथे आधी पैसे मग पेट्रोल हा नियम झाला, रात्री एकट्याला ठेवायचं तर मधे अडसर पाहिजे किंवा जोडीला दुसरा माणूस. पुढे २०१२ मध्ये दुकानदारांनी खर्च परवडत नाही म्हटलं आणि दुसऱ्या माणसाची अट ढिली झाली, त्याऐवजी इतर उपाय चालतील असं ठरलं. आधी पैसे देण्याचा नियम मात्र राहिला, कारण त्याला खर्च नव्हता.

म्हणून मी मालकांना शिव्या घालणार नाही. गाळ्याचं भाडं, ऑनलाईन औषधवाल्यांचे डिस्काउंट, दुसऱ्या माणसाचा पगार लहान मेडिकलला खरंच झेपत नाही. पण अख्खी संध्याकाळ दुसरा माणूस कोणी मागतच नाहीये. बंद करायच्या अर्ध्या तासाला कोणीतरी या, एवढंच.

एक गोष्ट मात्र लागू आहे आणि फार कमी जणींना माहीत असते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही लागतो. तिथे ऑफिसातली कमिटी नसते, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. आणि त्रास देणारा गिऱ्हाईक असला तरी दुकानात येणाऱ्या लोकांपासून सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं काम आहे असं त्यात सरळ लिहिलंय. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात मिळतो. आणि त्या क्षणी काही झालं तर ११२.

तिने मालकांना मेसेज टाकलाय, चार मागण्या. दुकानाचं वेगळं सिम. काचेवरची पोस्टरं काढायची. बंद करायला मालक किंवा त्यांचा मुलगा हजर पाहिजे, नाहीतर गल्ला सातलाच घेऊन जायचा. वॉचमनकडच्या चावीची एक डुप्लिकेट. मालकांचा रिप्लाय आला, सिम घेऊ, चावीचं सोसायटीला विचारतो, पोस्टरचे कंपनी पैसे देते, आणि मुलगा क्लासला जातो.