बर्फावरून कठड्यापाशी

नमस्कार, श्रोतेहो.

अल्लादियाखाँसाहेबांच्या दोन गोमंतकीय शिष्या, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघीही थोर गायिका. पण केसरबाईंनी आपली विद्या फारच थोड्यांना दिली, तर मोगूबाईंनी किशोरीताईंसारखी गायिका घडवली. मैफल जिंकणे आणि शिष्य तयार करणे ही वेगळी कामे आहेत, हे गोव्याच्या माणसाला निराळे सांगायला नको. कॅनडाचे फिगर स्केटर ब्रायन ऑर्सर यांनी ही दोन्ही कामे केली आणि माझ्या मते दुसरे अधिक सरस केले.

१९६१ साली ओंटारिओ प्रांतात जन्मलेल्या ऑर्सर यांचे हुकमी अस्त्र होते ट्रिपल ॲक्सेल. ही उडी पुढे तोंड करून घेतात आणि पाठमोरे उतरतात, त्यामुळे हवेत तीन नव्हे, साडेतीन गिरक्या पूर्ण कराव्या लागतात. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये त्यांनी ती साधली. ऑलिंपिकमध्ये हे प्रथमच घडत होते. तरीही सुवर्णपदक हुकले, ते एका रुक्ष प्रकारामुळे. त्या काळी स्केटच्या पात्याने बर्फावर वर्तुळे आणि इंग्रजी आठच्या आकृत्या काढाव्या लागत आणि परीक्षक वाकून त्या रेघा तपासत. त्यात ऑर्सर सातवे आले, आणि पुढच्या दोन्ही भागांत पहिले येऊनही त्यांना अमेरिकेच्या स्कॉट हॅमिल्टन यांना गाठता आले नाही. १९९० नंतर हा प्रकार मोठ्या स्पर्धांतून काढून टाकण्यात आला. ऑर्सर यांना त्याचा काय उपयोग!

१९८७ मध्ये ते विश्वविजेते झाले. १९८८ चे ऑलिंपिक त्यांच्याच देशात, कॅल्गरीला भरले आणि उद्घाटनाला कॅनडाचा ध्वज त्यांच्या हाती होता. निर्णायक फेरीत मात्र एक उडी उतरताना ते किंचित डगमगले, आणि ठरलेल्या दुसऱ्या ट्रिपल ॲक्सेलऐवजी त्यांनी दुहेरीवर भागवले. नऊपैकी पाच परीक्षकांनी अमेरिकेच्या ब्रायन बॉयटानो यांना कौल दिला. पुन्हा रौप्य.

त्यानंतर बरीच वर्षे ते व्यावसायिक आइस शोमध्ये रमले. पुढे टोरांटोच्या क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबमध्ये ट्रेसी विल्सन यांच्यासोबत त्यांनी प्रशिक्षण हाती घेतले. त्यांची शिष्या, दक्षिण कोरियाची किम युना, २०१० मध्ये व्हँकुव्हरला २२८.५६ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन गेली. स्पेनचा हाविएर फर्नांडेझ तिथे शिकत असतानाच २०१२ मध्ये जपानचा युझुरु हान्यू दाखल झाला. एकमेकांना हरवू पाहणारे दोन शिष्य एकाच बर्फावर, एकाच गुरूच्या नजरेखाली रोज सराव करतात आणि दोघांचाही गुरूवर विश्वास टिकतो, ही मला ऑर्सर यांची खरी करामत वाटते. हान्यूने २०१४ आणि २०१८ ची ऑलिंपिक जिंकली. फर्नांडेझने २०१५ आणि २०१६ मध्ये त्याच हान्यूला मागे टाकून जगज्जेतेपद मिळवले.

२०१८ ला प्योंगचांगमध्ये ऑर्सर कठड्यापाशी उभे असत, ते ज्या शिष्याची पाळी त्याच्या देशाचे जाकीट अंगात चढवून. हान्यूला सुवर्ण मिळाले, फर्नांडेझला कांस्य. मधले रौप्य मात्र दुसऱ्याच प्रशिक्षकांच्या शिष्याने, जपानच्या शोमा उनोने, नेले.