३०० खाटांची मेजवानी

नमस्कार, श्रोतेहो.

दुपारची जेवणं आटोपली असतील, काहींनी पाठही टेकली असेल. टेकलेलीच राहू द्या. आजची गोष्ट जेवणाची आणि खाटेचीच आहे. एका देशाच्या संसदेत मोठी मेजवानी व्हायची होती, आणि त्या मेजवानीच्या पैशातून इस्पितळाच्या खाटा आल्या. ३०० खाटा. आकडा लक्षात ठेवा, मी तो आणखी दोनदा तरी सांगणार आहे.

देश टांझानिया. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. आमच्या सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांना हे नाव भूगोलाच्या पुस्तकातून नाही, बीच्या पोत्यांवरून माहीत आहे. आपली गावठी बी संपली की आफ्रिकन बी येते, आणि त्यात टांझानियाचीही असते. ओळख आहे ती अशी, पोत्याची.

ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे निवडणूक झाली आणि जॉन पोम्बे मागुफुली राष्ट्राध्यक्ष झाले. शपथ ५ नोव्हेंबरला. पक्ष जुनाच, स्वातंत्र्यापासून या ना त्या नावाने सत्तेवर असलेला. सासर तेच, सून तेवढी नवी. त्यामुळे फार काही बदलेल असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. माणूस मूळचा शाळामास्तर, रसायन आणि गणित शिकवणारा. पुढे बांधकाम खात्याचा मंत्री झाला, आणि कंत्राटदारांकडून रस्ते असे करून घ्यायचा की लोकांनी त्याला नाव ठेवलं बुलडोझर. आणि या बुलडोझरची पीएच.डी. कशात, सांगू? काजूच्या टरफलाच्या तेलात! त्या तेलातल्या आम्लाचा पातळ थर देऊन धातूचा गंज थोपवता येईल का, हा विषय. ते तेल हाताला लागलं की कातडी कशी सोलवटते, हे बी फोडणाऱ्या बायकांना विचारा. राख चोळून बसतात बिचाऱ्या. तर अशा जहाल तेलावर अभ्यास केलेला माणूस खुर्चीवर बसला.

बसला म्हणजे, बसलाच नाही. शपथेच्या दुसऱ्या दिवशी, ६ नोव्हेंबरला, ते दार-एस-सलाममधल्या राष्ट्राध्यक्ष भवनातून निघाले आणि चालत अर्थमंत्रालयात गेले. चालत, बरं का. गाड्यांचा ताफा नाही, आगाऊ वर्दी नाही. आत जाऊन बघतात तर कित्येक खुर्च्या रिकाम्या. मग विचारपूस सुरू, ही खुर्ची कुणाची, तो कुठे आहे, ती कुणाची.

मला यातलं चालत जाणं फार आवडतं. आमच्या लहानपणी शाळेत दिपोटी यायचे, म्हणजे शाळातपासनीस. अचानक भेट म्हणायचे तिला, पण ती अचानक भेट कोणत्या वारी आहे हे आम्हा पोरांना आठवडाभर आधी ठाऊक असायचं. आदल्या दिवशी शाळा सारवायची, तक्ते लावायचे, हुशार मुलं पहिल्या बाकावर. पाहुण्याची गाडी खिंडीत दिसली की गुरुजी कोट घालायचे. चालत येणाऱ्या माणसाची वर्दी कोण देणार?

आता मूळ गोष्ट. तारीख ९ नोव्हेंबर, शपथ घेऊन चार दिवस झालेले. मागुफुली असेच अचानक मुहिंबिली इस्पितळात गेले. मुहिंबिली म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं सरकारी इस्पितळ, दार-एस-सलाममधलं. खेड्यापाड्यांतून, जिल्ह्याच्या ठिकाणांहून, जिथे इलाज संपतो तिथून माणसं मुहिंबिलीला पाठवतात. तुम्हाला मी वेगळं काय सांगू? आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी अशा मोठ्या सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपलेलं आहे. नातेवाईक म्हणून झोपणं वेगळं. तिथे रुग्णच जमिनीवर होते.

पुन्हा सांगतो. रुग्ण जमिनीवर. देशातल्या सगळ्यात मोठ्या इस्पितळात.

ते वॉर्डातून फिरले, खाली झोपलेल्यांशी बोलले. मग कळलं की एमआरआयचं यंत्र बंद आहे. सीटी स्कॅनचंही बंद. आठवडेच्या आठवडे बंद. आणि बाहेरच्या खाजगी इस्पितळांत मात्र तीच यंत्रं चालू. म्हणजे डॉक्टर चिठ्ठी देणार आणि म्हणणार, बाहेरून काढून आणा. हे ‘बाहेरून काढून आणा’ वाक्य तुमच्या कानाला नवीन असेल तर तुम्ही नशीबवान आहात. माझ्या एका काकूंचे दोन अख्खे महिने या वाक्यात गेले. इस्पितळाचं नाव घेत नाही. नाव घेऊन काकू परत येणार नाहीत.

मागुफुलींनी त्याच दिवशी इस्पितळाच्या प्रभारी संचालकांना तिथून हलवलं, संचालक मंडळ बरखास्त केलं, नवा प्रमुख नेमला. यंत्रं सुरू करायला दोन आठवड्यांची मुदत दिली. दोन आठवडेही लागले नाहीत, काही दिवसांतच यंत्रं चालू झाली. मला इथे नेहमी प्रश्न पडतो. जे यंत्र चार-पाच दिवसांत दुरुस्त होतं, ते आधी इतके आठवडे कशाची वाट बघत पडून होतं?

आता मेजवानी. २० नोव्हेंबरला डोडोमा शहरात नव्या संसदेचं उद्घाटन होतं. दार-एस-सलामपासून डोडोमा साडेचारशे किलोमीटर. नवे खासदार निवडून आलेले, देशोदेशीचे राजदूत येणार, राष्ट्राध्यक्षांचं पहिलं भाषण. त्यानंतर मेजवानी, रिवाजच तो. तिच्यासाठी साडेबावीस कोटी शिलिंग बाजूला काढलेले. आपल्या तेव्हाच्या रुपयांत सत्तर लाखांच्या आसपास. एका संध्याकाळच्या जेवणाला.

मागुफुलींनी हा आकडा ऐकला आणि सांगितलं, थोडं काहीतरी खायला-प्यायला ठेवा, बाकीचे पैसे मुहिंबिलीला द्या, खाटा घ्या. झालं. मेजवानीचा खर्च दहाव्या हिश्शाच्याही खाली आला. आणि मुहिंबिलीत आल्या ३०० खाटा, त्यांच्या गाद्या, आणि ६०० चादरी. ३०० खाटा, श्रोतेहो! आपल्याकडे इस्पितळ मोजतातच मुळी खाटांवर, तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. त्या हिशेबाने एका जेवणात तीन उपजिल्हा रुग्णालयांच्या खाटा आल्या. आणि मला त्या चादरी विशेष आवडतात. दर खाटेला दोन. एक अंथरलेली, एक धुवायला. ज्याने कुणी ती यादी केली, त्याला घर चालवण्याची सवय असणार.

मेजवानीवरून आठवलं म्हणून सांगतो. हे बुफे प्रकरण आपल्याकडे आलं आणि जेवणाचा हिशेबच गेला. पंगत होती तेव्हा वाढपी बघायचा, पान बघून वाढायचा, यजमान रांगेतून फिरायचा. कोण जेवलं, कोण उठलं, किती उरलं, सगळं डोळ्यांसमोर. आता ताटं मोजून पैसे. सहाशे ताटं सांगितली, चारशे माणसं आली, दोनशे ताटांचं काय झालं, देव जाणे आणि केटरर जाणे. माझी बायको म्हणते, तुम्ही कुठलाही विषय पंगतीवर आणता. आणतो. पंगतीत अन्नाला साक्षीदार असतात.

असो. बाकीचं भराभर सांगतो, घड्याळ बघतोय मी.

२७ नोव्हेंबरला पंतप्रधान कासिम मजालिवा बंदरात जाऊन धडकले. तिथे निघालं की ३४९ कंटेनर कर न भरताच बाहेर गेलेत, बुडालेला कर ८,००० कोटी शिलिंग. करखात्याचे प्रमुख निलंबित झाले, पुढे बंदराचे प्रमुखही गेले, आणि डिसेंबरात तर लाचलुचपत विरोधी खात्याच्या प्रमुखांनाच घरी पाठवलं. कुंपणाचीच झडती म्हणायची ती. ९ डिसेंबर हा तिथला स्वातंत्र्यदिन. त्या वर्षी संचलन रद्द. देशात कॉलऱ्याची साथ होती, म्हणून समारंभाऐवजी देशभर सफाई. तो पैसा दार-एस-सलाममधला एक रस्ता रुंद करायला दिला. राष्ट्राध्यक्ष स्वतः झाडू आणि फावडं घेऊन कचरा काढायला उतरले. पुढाऱ्याच्या हातात झाडू आणि समोर कॅमेरा दिसला की मी जरा सावध होतो, हे कबूल करतो. पण रस्ता रुंद झाला, हेही खरं. मंत्री तीसवरून १९ वर आले. सरकारी परदेशवाऱ्या परवानगीशिवाय बंद. शेजारच्या केनियात लोक समाजमाध्यमांवर विचारायला लागले, मागुफुली असते तर काय केलं असतं, आणि घरगुती काटकसरीचे हसवणारे फोटो टाकायला लागले.

पुढच्या वर्षी पगारपत्रकं तपासली. १०,००० हून जास्त नावं अशी निघाली की माणूसच नाही, पगार मात्र चालू. स्वाहिलीत अशा कर्मचाऱ्याला ‘हेवा’ म्हणतात. आपला मत्सरातला हेवा नव्हे, हेवा म्हणजे हवा. हवेतले कर्मचारी! हा अरबी शब्द समुद्रावरून त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. गाडीला ते ‘गारी’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’. आणि पूर्व आफ्रिकेत लाच मागताना काय मागतात? ‘चाय’. आपण निदान चहाबरोबर पाणी तरी म्हणतो.

या सगळ्या मोहिमेला तिथे जे नाव पडलं ते आपल्या आजीच्या तोंडचं वाटेल. ‘कुतुंबुआ माजिपू’. म्हणजे गळवं फोडणं. ज्याला गळू झालंय त्यालाच कळतं, हात लावला तरी ठणका आणि फुटलं की किती सुटल्यासारखं वाटतं. पण आजी गळू फोडल्यावर हळद भरायची, पट्टी बांधायची, रोज सोडून बघायची. पट्टी रोज सोडून बघायची, हे मी दोनदा सांगतोय ते उगीच नाही.

कारण तिकडे बघणाऱ्यांचेच डोळे मिटायला लागले. जानेवारी २०१६, म्हणजे खाटा येऊन दोनच महिने झालेले, तेव्हा सरकारी दूरचित्रवाणीवरून संसदेचं कामकाज थेट दाखवणं थांबवलं. कारण काय दिलं? खर्च फार येतो. ज्या काटकसरीने खाटा आणल्या, तिचंच नाव पुढे करून हेही केलं. मग विरोधकांच्या सभांवर बंदी आली, वर्तमानपत्रांवर बडगा आला. सप्टेंबर २०१७ मध्ये विरोधी खासदार टुंडू लिसू यांच्यावर डोडोमातच गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, गोळ्या झाडणारे सापडले नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भ्रष्टाचाराबाबत देशांना गुण देणारी ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था आहे. तिच्या यादीत टांझानियाला २०१५ मध्ये शंभरपैकी ३० गुण होते, २०२० मध्ये ३८ झाले. आठ गुण कमी नाहीत. लोकांना ऑफिसात माणूस जागेवर भेटायला लागला, हे तिथले त्यांचे विरोधकही मान्य करायचे. मार्च २०२१ मध्ये मागुफुली पदावर असतानाच वारले.

आणि शेवटी, रेडिओवाला म्हणून मला सांगितलंच पाहिजे असं एक. टांझानियाचे महालेखापरीक्षक होते प्राध्यापक मुसा असाद. २०१६-१७ च्या हिशेबात जमा आणि खर्च यांत दीड लाख कोटी शिलिंगची तफावत त्यांच्या अहवालातून पुढे आली. सरकारने नंतर खुलासे केले, पण चर्चा व्हायची ती झालीच. पुढे असाद न्यूयॉर्कला गेले असताना संयुक्त राष्ट्रांच्या रेडिओने त्यांची मुलाखत घेतली. विचारलं, तुमच्या अहवालांवर कारवाई का होत नाही? ते म्हणाले, ही संसदेची दुर्बलता आहे. स्वाहिलीत शब्द आहे ‘उधाइफू’. एवढ्या एका शब्दावरून सभापतींनी त्यांना डोडोमाला बोलावून घेतलं, हक्कभंगाची चौकशी लावली, आणि एप्रिल २०१९ मध्ये संसदेने ठराव केला की या माणसाबरोबर आम्ही काम करणार नाही. नोव्हेंबरात त्यांची पाच वर्षं भरली आणि त्या जागी दुसरे आले.

तीच संसद, श्रोतेहो, जिच्या जेवणाच्या पैशातून ३०० खाटा आल्या होत्या.

काचेपलीकडून बोट वर झालंय, वेळ संपली. पुढच्या मंगळवारी काजूच्या बोंडांबद्दल बोलू. सरबताची कृती विचारणारी पत्रं बरीच आली आहेत. नमस्कार.