तीर्थनच्या वरचं रान

(काळोख. लांबून पाण्याचा आवाज. मग हेडटॉर्चच्या उजेडात चालणारे बूट.)

पहाटेचे साडेचार. ठिकाण हिमाचलातलं शिल्ट, तीन हजार मीटरच्या आसपास. एप्रिल संपत आलाय, तरी झोपडीमागे बर्फाचा एक मळकट ढीग अजून पडून आहे. आमच्या वाटाड्यांनी रात्रीच सांगून ठेवलंय की चहा परतल्यावर. आणि निघताना एवढंच म्हणाले, “भाईजी, खोकायचं असेल तर इथेच खोकून घ्या.”

सगळ्यांनी खोकून घेतलं. निघालो.

(दिवसाचा उजेड. बसच्या खिडकीतून बियास नदी.)

शिमला-कुलू-मनाली करून आलेल्या प्रत्येकाने औटचा बोगदा पाहिलेला असतो. जवळजवळ तीन किलोमीटरचा. आपली बस त्यात शिरते, पलीकडे कुलूचं खोरं उघडतं आणि मंडळी शालींच्या दुकानांचा विचार करू लागतात. त्या बोगद्यात शिरायच्या आधीच एक रस्ता बाजूला फुटतो, लारजीकडे. लारजीला तीर्थन आणि सैंज या दोन नद्या बियासला मिळतात. तीर्थनचा हात धरून वर गेलं की बंजार, मग गुशैनी. तिथे गाडीरस्ता जवळपास संपतो, आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची पायवाट सुरू होते.

साई रोपाच्या वनकार्यालयात परवाना काढायचा, ओळखपत्र द्यायचं, सोबत स्थानिक वाटाड्या घ्यायचा. हे काम अर्ध्या दिवसाचं. उरलेल्या अर्ध्या दिवसात आम्ही सिड्डू खाल्ले. आंबवलेल्या कणकेच्या पोटात अक्रोड नि खसखस भरून वाफवतात आणि वरून तूप ओततात. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला मोदक आठवतो, दुसऱ्या घासाला मीठ लागतं आणि गैरसमज दूर होतो.

(गुशैनीहून रोल्लाकडे जाणारी वाट. डावी-उजवीकडे देवदार.)

गुशैनी ते रोल्ला, नऊ-दहा किलोमीटर. चढ फारसा नाही. वाटेत दगड आणि लाकडाचे थर एकाआड एक रचलेली काठकुणी घरं लागतात. नदी सतत कानाशी. पाण्यात ट्राउट आहे, त्यासाठी गळ घेऊन येणारेही पुष्कळ. हा मासा मूळचा इथला नाही, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणून सोडला. आता तोच तीर्थनची ओळख म्हणून पाट्यांवर मिरवतो.

ही नदी अजून अशी मोकळी वाहते, यामागे लोकांचा विरोध आहे. खोऱ्यातल्या माणसांनी आवाज उठवला, म्हणून तीर्थनवरचे जलविद्युत प्रकल्प मागे पडले. शेजारच्या सैंजचं नशीब तसं नव्हतं. तिकडे धरण आहे, बोगदे आहेत, वीजघरं आहेत.

रोल्लाला उद्यानाची हद्द लागते. ताडोबात गेट म्हटलं की जिप्सींची रांग, सहाचा ठोका आणि ‘काल कोणाला दिसला?’ हा प्रश्न. इथलं गेट म्हणजे एक फलक आणि एक लाकडी पूल. आत वाहन जातच नाही. सातशे चौपन्न चौरस किलोमीटर जंगल, कडे, गवताळ माळ आणि हिमनद्या. तीर्थन, सैंज, जीवा नाल आणि पार्वती अशी चार खोरी. खालचं टोक दोन हजार मीटरच्याही खाली, वरची शिखरं सहा हजारांच्या घरात. तेवढ्या चढावात तुम्ही देवदार, कैल, राई, तोश ही सूचिपर्णी झाडं ओलांडता, मग खरशू ओक आणि बुरांश, मग भूर्ज, आणि शेवटी झाडंच संपतात. हिमबिबट्या आणि तपकिरी अस्वल त्या संपलेल्या टोकाला राहतात. आम्ही तिथे गेलो नाही. आमचं काम मधल्या पट्ट्यात होतं.

(चढ. धाप लागलेला आवाज. हा आवाज काढू नये, ठेवावा.)

रोल्ला ते शिल्ट मात्र अंगावर येतं. हजार मीटरचा चढ एका दिवसात. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला वाटतं, लिंगाणा-हरिश्चंद्रगड केलेत, हे काय! पण तिकडे वर किल्ला असतो. दरवाजा येतो, बुरूज येतो, टाकं येतं, पोचल्याचं कळतं. इथे वर गेल्यावर आणखी वर असतं. दुपारी एकदा विचारलं, किती राहिलं? वाटाडे म्हणाले, “अर्धा तास.” तासाभराने पुन्हा विचारलं. उत्तर तेच होतं.

ते पन्नाशीचे आहेत. पाठीवर आमच्यापेक्षा जास्त ओझं, पायात साधे कॅनव्हासचे बूट. चालताना बोलत नाहीत, थांबतात तेव्हा काहीतरी दाखवतात. खरशूच्या खोडावर काळ्या अस्वलाने ओढलेले पाच ओरखडे, माझ्या डोक्याच्या वर. समोरच्या कड्यावर एक घोरल, दुर्बिणीतून शेळीएवढं, नुसत्या डोळ्यांना दगडाएवढं. एका दगडाच्या आडोशाला बारीक काळ्या लेंड्यांचा ढीग, जुन्या नि ताज्या एकत्र. त्यांनी दोन बोटांत एक चुरून पाहिली.

“कस्तुरी.”

कस्तुरी मृग ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो. त्याची ही सवय शिकाऱ्यांनाही ठाऊक असते. पन्नासेक पावलांवर निगालच्या झाडोऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, तारेचा एक फास बांधलेला होता. निगाल म्हणजे बोटाएवढ्या जाडीचा डोंगरी बांबू, आपल्या कारवीसारखा दाट. तार गंजलेली, जुनी. त्यांनी ती शांतपणे सोडवली, गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. खिशातून आधीच्या एखाद्या तारेचा किणकिणाट झाला.

(मोनाल उडतो. हे दृश्य मंद गतीत दाखवू नये.)

हा मोनाल. नर. मान पाहा. तांब्याच्या घागरीला चिंच लावून नुकती घासली की जी झळाळी येते, ती. बाकी अंगावर निळा, हिरवा, जांभळा, आणि उडताना पाठीवर अचानक पांढरा ठिपका. आम्हाला दोन दिवसांत सात-आठ दिसले. २००७ पर्यंत हा हिमाचलचा राज्यपक्षी होता. मग तो मान दुसऱ्याला गेला, आणि त्या दुसऱ्यासाठी आम्ही पहाटे साडेचारला खोकून बाहेर पडलो होतो.

त्याचं नाव जुजुराणा. पक्ष्यांचा राजा. पुस्तकातलं नाव पश्चिमी ट्रॅगोपॅन. लोक सांगतात, देवाने सगळ्या पक्ष्यांची सुंदर पिसं गोळा करून हा घडवला. लाल चेहरा, केशरी छाती, काळ्या अंगावर पांढरे गोल ठिपके. पाकिस्तानच्या उत्तरेपासून उत्तराखंडपर्यंतची हिमालयाची एक अरुंद पट्टी सोडली तर हा जगात कुठेच नाही. चित्रात पाहिला तर कुठेही ओळखू येईल असा. रानात तो निगालच्या आत असतो.

वाटेत त्याचं एक पीस सापडलं. काळं, टोकाला पांढरा ठिपका, कोणीतरी बोटाने चुना लावावा तसा. कॅमेरावाल्याने उचललं. वाटाड्यांनी हात पुढे केला, पीस घेतलं, आणि जिथे होतं तिथेच पानाखाली सरकवून ठेवलं. कायदा तेच सांगतो, पण त्यांनी कायद्याचं नाव काढलं नाही.

(शिल्ट. संध्याकाळ. चुलीजवळ.)

रात्री चुलीपाशी ते बोलले. लहानपणी आईबरोबर याच उतारांवर गुच्छी गोळा करायला यायचे. गुच्छी म्हणजे जाळीदार टोपीचं अळंबं, बर्फ वितळल्यावर उगवणारं. एका मोसमाची गुच्छी विकून घराचा मोठा खर्च निघायचा. उन्हाळ्यात बापाच्या मेंढ्या वरच्या थाचांवर. थाच म्हणजे रानातली गवताळ मोकळी जागा. कडू, पतीश, धूप या औषधी मुळ्याही इथूनच खणायच्या.

१९८४ मध्ये उद्यानाची पहिली अधिसूचना निघाली. १९९९ मध्ये शेवटची. त्या दिवसापासून गुच्छी, मुळ्या, मेंढ्या सगळं बंद. नुकसानभरपाई कोणाला द्यायची हे ठरवायला १८८६ च्या सेटलमेंटच्या, म्हणजे रानावर कोणाचा काय हक्क याच्या सरकारी नोंदी काढल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कागदावर ज्याच्या पूर्वजाचं नाव, तो हक्कदार. बाकीच्यांनी काय करायचं? चराईने पक्ष्यांचं नेमकं किती बिघडतं, यावर अभ्यासकांचं तेव्हाही एकमत नव्हतं. आणि त्याच वेळी जीवा नाल्याकडचा एक तुकडा उद्यानातून वगळला गेला, पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी. मेंढीने रान बिघडतं आणि सुरुंगाने नाही, हे मला तरी पटवून घेता आलेलं नाही.

२०१४ मध्ये उद्यानाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. त्याआधी दोन वर्षं आपल्या पश्चिम घाटाला तो मान मिळाला होता, कास, कोयना, चांदोली, राधानगरीसह. त्यामुळे वारशाचा फलक लागला की खालच्या गावांत काय काय कुजबुज होते, हे आपल्याला नवीन नाही.

इथे मधल्या काळात बायकांनी बचतगट काढले, दिवसाला एक रुपया टाकत. गांडूळखत केलं. पुरुष पाठीवर पाहुण्यांच्या पिशव्या घेऊन वर येऊ लागले. आमच्या वाटाड्यांचंही तसंच. “जंगल तेच आहे,” ते म्हणाले. “आधी मी त्यातून घेऊन खाली जायचो. आता तुम्हाला घेऊन वर येतो.” मग त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि सकाळी किती वाजता उठायचं ते सांगितलं.

(पुन्हा पहाट. उभे राहिलेले चार जण. कोणी हलत नाही.)

वसंतात, विणीच्या काळात, नर पहाटे ओरडतात. वनखात्याची माणसं ठरावीक जागी अंधारात उभी राहतात आणि आवाज मोजतात. दिशा, वेळ, अंदाजे अंतर. दिसणाऱ्या पक्ष्यांची गणती करायची म्हटली तर इथे कोऱ्या वह्या खाली येतील. वाटाडे या कामाला बऱ्याच वर्षांपासून जातात.

(वीस सेकंद निवेदन नाही.)

(लांबून एक रडवा, नाकातला आवाज. थोड्या वेळाने पुन्हा.)

कॅमेरावाला माझ्या कानाशी कुजबुजला, “बकरी चुकली वाटतं कोणाची.”

वाटाड्यांनी ऐकलं. वळून न बघता म्हणाले, “बकरी कशी असेल? बकऱ्यांना १९९९ पासून बंदी आहे.”

मग खालच्या उताराकडून दुसरा आवाज आला, पहिल्याला उत्तर दिल्यासारखा. त्यांनी घड्याळ पाहिलं, वहीत दोन रेघा ओढल्या.

पडद्यावर तुम्हाला आत्ता धुकं दिसतंय आणि निगाल. ते डावीकडे मोडलेलं तोशचं झाड आहे ना, त्याच्या मागे आहे तो, असं ते म्हणतात.

(आवाज तिसऱ्यांदा. धुकं. काळोख.)