बाग खाली झाली, तरी जाग तीनचीच

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडचा पारा चार अंशांपर्यंत उतरला की द्राक्षबागायतदाराची झोप उडते, हे नाशिककरांना सांगायला नको. माझे मामा अशा रात्री तीनलाच उठत, बागेत शेकोट्या पेटवत, ठिबक सुरू करीत आणि थंडीने मणी तडकू नयेत म्हणून उजाडेपर्यंत ओळींमधून फिरत राहत. एका वर्षी मार्चमध्ये सगळा माल निघाला, व्यापाऱ्याने पैसेही वेळेवर चुकते केले (आमच्याकडे हीसुद्धा बातमीच असते!), पण मामांची जाग मात्र तीनचीच राहिली. एप्रिलची खरड छाटणी आली, तरी ते काळोखात अंगणातल्या खाटेवर बसून असत. मामी विचारायची, "अहो, आता राखायला बागेत राहिलंय काय?" मामा गप्प राहत. हळूहळू त्यांचे जेवण कमी झाले आणि लाडक्या नातवाशीही ते बोलेनासे झाले.

मामांना गाठले होते ते नैराश्याने, आणि त्यात शरीराचाही वाटा असतो. संकट जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते. मग तेथून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक (हार्मोन) स्रवते. एरवी ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, उत्तररात्री चढू लागते आणि जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिगेला पोचते. पुरेसे झाले की तेच मेंदूला 'आता पुरे' अशी खूण करते. ही खूण ध्यानात ठेवा, कारण तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांमध्ये नेमकी हीच खूण मेंदू नीट मानत नाही, आणि संकट सरले तरी स्राव चालूच राहतो. उलट बाजूनेही हे दिसते: कुशिंगच्या आजारात शरीरात कॉर्टिसॉल अतोनात वाढते आणि अशा पुष्कळ रुग्णांना नैराश्य येते. मात्र नैराश्य असलेल्या प्रत्येकाचे कॉर्टिसॉल वाढलेले नसते, त्यामुळे केवळ रक्त तपासून निदान होत नाही.

आमच्या भावकीने मामांना 'मन घट्ट करा' एवढेच सांगितले. माझ्या मते हा सल्ला ताप आलेल्याला 'अंग थंड ठेवा' म्हणण्यासारखा आहे. डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न केला, "पहाटे जाग किती वाजता येते?" त्यावर मामा कित्येक आठवड्यांनी मोकळेपणाने बोलले. आता तर मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

औषधे आणि समुपदेशन चार-पाच महिने चालले. ऑक्टोबरच्या छाटणीला मजूर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मामीला मामांना हलवून उठवावे लागले.