रंगारी येण्याआधी

लातूरच्या एका गल्लीतलं हे जुनं घर. घटस्थापना आठवड्यावर आलीय. धुतलेल्या वाकळा गच्चीवर वाळतायत आणि उद्या सकाळी पेंटर येणार आहेत.

कपाट सरकवलं, तशी मागची भिंत उघडी पडली. पोपडे, आणि त्यांवर मिठासारखी पांढरी पूड. काकूंनी पेंटरमामांना आजच बोलावून ती दाखवली, हे फार बरं केलं.

"खार आतून येतोय, काकू. वरून कितीबी हात मारा, पुढच्या पावसाळ्यात पोपडा येणारच."

भिंतीत मुरलेलं पाणी विटा-सिमेंटातले क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार राहतो. म्हणून आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधायचं: गच्ची, न्हाणी, की नळाचा पाइप? प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले, तर ओल आतलीच.

दाराच्या कोपऱ्यातून वर गेलेली ही तिरकी भेग मात्र वेगळी. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलवते. अशी भेग नुसत्या पुट्टीनं बुजवली, तर उन्हाळ्यात पुन्हा तोंड उघडते. तिला आधी मिस्त्री लागतो.

बाकी कामं हातासरशी होतात. सामान खोलीच्या मधोमध, वर जुन्या साड्या आणि प्लास्टिक. पुट्टी घासताना उडणारी धूळ डब्यांतल्या पिठापर्यंत जाते, तेव्हा स्वयंपाकघर आधी झाका. जुन्या दारांचा ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. त्यात शिसं असू शकतं. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, दारं त्याआधीची आहेत. लेकरं त्या दिवशी शेजारी. देवही शेजारीच.

आणि पाणी. २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पुट्टी कालवायला, ब्रश धुवायला लागणारा ड्रम नळ येईल त्या दिवशीच भरून ठेवावा लागतो.

चौथ्या दिवशी तीन भिंती रंगल्या. ओलीची भिंत खरवडून तशीच सोडली. वाळली तर दिवाळीला बघू. काकू घटाची जागा त्याच भिंतीपाशी सारवायला लागल्या, तसे जाता जाता पेंटरमामा दारात थबकले.

"काकू, घट जरा इकडं मांडा. त्याचं पाणी तरी तिला लागू देऊ नका."