रे ग सा, खर्ज, पंचम: परग्रहावरच्या पाहुण्यांशी पाच स्वरांत गप्पा

नमस्कार मंडळी! समोर पेटी दिसतेय, पण घाबरू नका, गाणार नाहीये. आज साय-फाय सिनेमांच्या संगीताबद्दल बोलायचंय. त्यातल्या माझ्या सगळ्यात लाडक्या संगीताचा गाभा फक्त पाच स्वरांचा आहे, म्हणून पेटी काढली. काळी एकला सा धरते. ऐका.

[पेटीवर: रे… ग… सा… मंद्र सा… मंद्र प. शेवटचा प लांबवायचा.]

बस, एवढंच. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला; तिथल्या सा ला खर्ज म्हणतात, आणि प म्हणजे पंचम. 1977 सालचा स्टीव्हन स्पिलबर्गचा सिनेमा, ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. संगीत जॉन विल्यम्स. मूळ क्लिप लावली असती, पण मग कॉपीराइटवाले हा व्हिडिओ ठेवणार नाहीत. तेव्हा पेटीवर भागवून घ्या.

हेच संगीत का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. परग्रहावरचं कुणीतरी पडद्यावर येतं तेव्हा वाजवायचं काय? ‘कधीच न ऐकलेलं’ काहीतरी ऐकवायचं, पण ते वाजवायला माणसं आणि वाद्यं याच पृथ्वीवरची.

पहिली पळवाट म्हणजे नवं वाद्यच शोधायचं. 1951 मध्ये ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’साठी बर्नार्ड हर्मन यांनी नेहमीचा व्हायोलिनचा ताफा चक्क घरी बसवला आणि दोन थेरेमिन घेतली. थेरेमिन हे लेव्ह तेरमेन या रशियन संशोधकाचं वाद्य. त्याला हात लावायचाच नसतो. एक उभी दांडी असते, एक वळवलेली तार. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, तारेजवळचा दुसरा हात आवाज लहान-मोठा करतो. आत दोन विद्युत कंपनं चालू असतात, दोन्ही आपल्या कानाच्या आवाक्यापलीकडची. आपल्याला ऐकू येतो तो त्यांच्यातला फरक. ना कळ, ना पडदा, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर मींड घेतच, म्हणजे न तुटता घसरतच जावं लागतं. हॉलिवूडने मात्र या मींडेचा उपयोग केला तो फक्त भीती घालायला. आपल्याकडे असतं तर कुणीतरी त्यावर दरबारी वाजवला असता.

दुसरी तऱ्हा लुई आणि बीबी बॅरन या नवरा-बायकोची. ‘फॉर्बिडन प्लॅनेट’, 1956. दोघांनी स्वतः सर्किटं जोडली, झेपणार नाही इतका वीजप्रवाह त्यांत सोडला आणि सर्किट किंचाळत, कण्हत, शेवटी जळून जाईपर्यंतचा आवाज टेपवर घेतला. जळालेलं सर्किट पुन्हा तसंच कधी वाजत नाही. पूर्ण सिनेमाला फक्त इलेक्ट्रॉनिक संगीत असं हे पहिलंच. पण श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्दच नाही, ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असं लिहिलंय. वादकांच्या युनियनशी कटकट नको म्हणून! मला तो सिनेमा आज बघवत नाही, ऐकायला मात्र मी कधीही तयार असते.

आणि तिसरी वाट स्टॅन्ली कुब्रिकची. ‘2001: अ स्पेस ओडिसी’, 1968. ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत लिहून घेतलं, रेकॉर्डही झालं. पण संकलनाच्या वेळी तात्पुरत्या लावलेल्या जुन्या रेकॉर्डच कुब्रिकला जास्त आवडल्या. नॉर्थना हे कळलं थेट सिनेमा बघताना! माणूस म्हणून वाईट वाटतं, पण अवकाशयानाला योहान स्ट्राउसचं वॉल्ट्झ लावणं ही कल्पना जबरदस्त होती, हेही कबूल करायला हवं. त्याच सिनेमात हंगेरीच्या जॉर्ज लिगेटी यांचं संगीत आहे. ते कसं असतं ते दाखवते.

[दोन्ही हातांचे पंजे पेटीच्या पट्ट्यांवर सपाट ठेवायचे, भाता जोरात.]

सॉरी, शेजारच्या काकू आता दार वाजवतील. हे जे झालं त्याला क्लस्टर म्हणतात. सा, कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, सगळे शेजारी एकाच वेळी. पेटीवर ते भयंकर वाटतं. लिगेटींकडे गायकांचे आणि वाद्यांचे कितीतरी आवाज इतक्या बारीक विणीने एकत्र येतात की त्यातला एक सूर वेगळा काढताच येत नाही. वेगळा काढता येत नाही, म्हणून भीती वाटते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. संगीत ऐकतो तो जवळपास नेहमी फक्त प्रेक्षक. पडद्यावरच्या माणसांना ते ऐकू येत नाही. कुब्रिकच्या त्या यानातल्या कुणालाही पत्ता नाही की बाहेर वॉल्ट्झ चालू आहे.

‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये ते ऐकू येतं. तिथे संगीत हेच कथानक आहे. सुरुवातीलाच मेक्सिकोच्या वाळवंटात एक म्हातारा सांगतो की काल रात्री सूर्य उगवला आणि माझ्यासाठी गायला. पाहुणे आलेत ते सूर घेऊन. त्यांच्याशी बोलायचं तर त्याच सुरांत.

मग ते सूर कोणते? स्पिलबर्गचा हट्ट होता: पाचच. विल्यम्स यांना सात-आठ हवे होते. संगीतकार म्हणून त्यांचं बरोबरच होतं, कारण सात स्वर मिळाले की चाल होते. पण स्पिलबर्गला चाल नकोच होती. दाराची बेल वाजते ना, तेवढंच हवं होतं: मी आलोय, कुणी आहे का? आता हिशोब करा. पाच जागा, प्रत्येक जागी बारा स्वरांपैकी कुठलाही. बाराचा पाचवा घात, म्हणजे 2,48,832. तेही एकाच सप्तकात राहिलो तर. विल्यम्स यांनी ढिगाने पर्याय लिहिले, दोघं बसून एकेक खोडत गेले आणि उरलं ते हे.

[पेटीवर पुन्हा पाच स्वर.]

नीट बघितलं तर यात वेगळे स्वर चारच आहेत: सा, रे, ग, प. सा दोनदा येतो, एकदा मध्य सप्तकात, एकदा खर्जात. कुणी म्हणेल हा भूप राग. भूपात हे चारही आहेत खरे, पण देसकारातही आहेत, यमनमध्येही आहेत. मध्यम नाही, धैवत नाही, निषाद नाही. रागाची ओळख पटावी असं काहीच हाताला लागत नाही. पाश्चात्य कानालाही तेच. कुठल्याच देशाचं, कुठल्याच काळाचं वाटत नाही.

आता खास आपल्यासाठीची गंमत. मोबाइलवर तंबोरा लावते, पंचमाचा.

[तंबोरा: प – सा – सा – खर्ज. दोन आवर्तनं चालू द्यायची.]

पहिली तार मंद्र पंचम. मग जोडीच्या दोन तारा, सा. मग खर्ज. आणि पुन्हा पंचम. आता त्या पाच स्वरांतले शेवटचे तीन बघा: सा, खर्ज, पंचम. तंबोऱ्याची तिसरी तार, चौथी तार, आणि फिरून पहिली. त्याच क्रमाने, त्याच सप्तकांत! विल्यम्स यांच्या डोक्यात तंबोरा होता असं मी मुळीच म्हणत नाहीये, हा निव्वळ योगायोग आहे. पण त्यामुळे आपल्या कानाला एक जास्तीची गोष्ट कळते. पाश्चात्य संगीतात पंचमावर थांबणं म्हणजे वाक्य अर्ध्यावर सोडणं. आपल्याला पंचम अर्धवट वाटत नाही, तो हक्काचा मुक्काम आहे. पण तंबोऱ्यावर पंचमाची तार छेडली की पुढची सा ची तार वाजणारच, हे इतकं अंगात मुरलंय की आपणही वाट बघायला लागतो. कारण वेगळं असलं तरी थांबतो तिथेच. सा कोण लावणार? समोरच्याने लावायचा.

हे पाच स्वर सिनेमात मोठ्या जमावाच्या तोंडी येतात ते भारतात. उघड्या माळावर लोक बसलेत, एक साधू पुढे आहे आणि सगळे एकसुरात तेच गातायत. फ्रान्स्वा त्रुफो, हो, तोच फ्रेंच दिग्दर्शक, इथे लाकोंब नावाचा शास्त्रज्ञ झालाय. तो विचारायला लावतो, हे सूर आले कुठून? आणि सगळ्या जमावाचं बोट एकदम आकाशाकडे जातं. सिनेमात ही जागा उत्तर भारतातली म्हणून येते. शूटिंग झालं ते आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात, फेब्रुवारी 1977 मध्ये! पुण्याला जाताना एक्सप्रेसवेवर खालापूरचा टोलनाका लागतो, आपण वडापावचा विचार करत असतो, आणि तिथून जवळच हॉलिवूडच्या सगळ्यात गाजलेल्या सुरावटींपैकी एक गर्दीने गायली गेलीय. त्या भागाचं छायाचित्रण डग्लस स्लोकोम यांनी केलं. साधू, माळ, जप हा बाहेरच्यांना दिसणारा ठरावीक भारत आहे, ते मला खटकतं. तरी एक गोष्ट मान्य करते: पाहुण्यांचं बोलणं जमावाने उचललं ते गाऊन, यंत्राशिवाय.

पुढे लाकोंब ही टेप एका सभागृहात ऐकवतो आणि हाताने खुणा करून दाखवतो. या खुणा खऱ्या आहेत. युरोपात मुलांना स्वर शिकवताना वापरतात, हंगेरीच्या झोल्तान कोडाय यांच्या नावाने ओळखल्या जातात. रे म्हणजे तिरका तळवा. ग म्हणजे आडवा, सपाट. सा म्हणजे मूठ. खर्जाचा सा म्हणजे तीच मूठ, पण खाली. आणि प म्हणजे तळवा स्वतःकडे.

[कॅमेऱ्यासमोर पाचही खुणा, सावकाश.]

आता क्लस्टरकडे परत येऊया. या सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या भागात विल्यम्स ते भरपूर वापरतात. छोट्या बॅरीच्या घरावर प्रकाश येतो तो प्रसंग आठवा. जमिनीवरच्या जाळीचे स्क्रू आपोआप फिरून निघायला लागतात, दाराच्या फटींतून केशरी उजेड, आई जीव तोडून दारं-खिडक्या लावतेय. तिथे व्हायोलिन आणि कोरस मिळून जे करतात ते लिगेटींच्याच घराण्यातलं आहे. सूर आहेत, पण एकमेकांत अडकलेले. आणि बॅरी? तो घाबरतच नाही. तो आपल्या खेळण्यातल्या झायलोफोनवर ते पाच स्वर टिपटिप वाजवतो. सगळ्यांना नुसता कोलाहल ऐकू येतोय, पोराला त्यातले सूर सुटे ऐकू येतात.

शेवटचा मोठा प्रसंग अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवर या उंच खडकापाशी. एक भलामोठा एआरपी 2500 सिंथेसायझर मांडलाय. तो वाजवताना दिसतो तो फिलिप डॉड्स, एआरपी कंपनीचा इंजिनियर. यंत्र बसवून द्यायला आला होता, स्पिलबर्गने त्यालाच पडद्यावर घेतलं. म्हणून तो कळांशी इतका सरावलेला वाटतो. माणसं वाजवतात, पाहुण्यांचं जहाज उत्तर देतं. जहाजाचा आवाज म्हणजे ट्यूबा, पितळी वाद्यांतला सगळ्यात खर्जातला. पहिल्याच दणक्यात काचा फुटतात! माणसांच्या बाजूला ओबो, सनईच्या जातीचं फुंकवाद्य, नाजूक आणि जरा घाबरट. मग लय वाढत जाते. दोघं एकमेकांचं उचलतायत, पुढे नेतायत, चक्क सवाल-जवाब रंगतो. ट्यूबावर अशा फिरती घेणं म्हणजे फुफ्फुसांची परीक्षा आहे. मध्येच कुणीतरी विचारतं, आपण त्यांना काय सांगतोय? कुणालाच माहीत नाही. ते आपल्याला बाराखडी शिकवतायत, शाळेचा पहिला दिवस आहे, अशा अर्थाचं उत्तर येतं. अर्थ कळलेला नाही आणि तरीही संवाद चाललाय. हे फक्त संगीतातच जमू शकतं, म्हणून मला हा प्रसंग दहा लढायांपेक्षा मोठा वाटतो.

यानंतर वाद्यवृंद मोकळा होतो. आधीचा तो अडकलेला गुंता सुटून सरळ, गाता येईल अशी चाल येते. वाद्यं तीच, माणसं तीच. फक्त सूर वेगळे ऐकू यायला लागले.

त्याच वर्षी विल्यम्स यांनी ‘स्टार वॉर्स’ही केलं होतं, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत. 1978 च्या ऑस्करला संगीतासाठी दोन्हींना नामांकन होतं. म्हणजे गडी स्वतःशीच हरला, स्वतःलाच जिंकला. बाहुली मिळाली ‘स्टार वॉर्स’ला. त्याच्या तुताऱ्या मलाही आवडतात, पण त्या काय करणार ते पहिल्या मिनिटाला कळतं.

नंतरचं थोडक्यात. ‘इंटरस्टेलर’मध्ये हान्स झिमर यांनी लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन वापरला. त्यात प्रत्येक सुराआधी हवा भरते, म्हणून ते वाद्य श्वास घेतंय असं वाटतं. ‘अरायव्हल’मध्ये योहान योहान्सन यांनी माणसांचे आवाज तुकडे करून पुन्हा पुन्हा वापरलेत. तिथेही पाहुण्यांशी बोलायचंच आहे, पण लिपीतून. दोन्ही सिनेमे हेडफोन लावून बघा, मोबाइलच्या स्पीकरवर ऑर्गनचा खर्ज येतच नाही.

पुढच्या व्हिडिओत रशिया. ‘सोलारिस’ हा सिनेमा, त्याचे संगीतकार एदुआर्द आर्तेमेव्ह, आणि काचेवर चित्र कोरलं की त्याचा आवाज काढणारं एएनएस नावाचं यंत्र. तोवर मी शेजारच्या काकूंची समजूत काढून येते.