उभं कुठून राहायचं?

(पडद्यावर: फरशीवर एक खुंटी. बाजूला दोरीच्या रिंगांचा ढीग.)

जत्रेत साबणाच्या वड्यांवर रिंग टाकायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय. हा खेळही तसाच आहे, फक्त दोरी बांधून आखलेली हद्द इथे नाही. कुठून टाकायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

काही जण खुंटीला खेटून उभे राहतात, वाकतात आणि सगळ्या रिंगा घालून मोकळे होतात. काही जण थेट भिंतीपाशी जातात. तिथून एखादी बसलीच तर आरडाओरडा होतो, आणि नाही बसली तरी कुणाला वाईट वाटत नाही. काही जण मात्र मधेच कुठेतरी थांबतात. पहिली रिंग चुकली की अर्धं पाऊल पुढे येतात, दोन लागोपाठ बसल्या की पुन्हा मागे सरकतात.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचं लक्ष या मधे उभ्या राहणाऱ्यांकडे होतं. खेटून टाकलेली रिंग बसण्यात कर्तबगारी नाही. भिंतीपासून टाकलेली बसली तर ते नशीब. मधल्या जागेवरून मात्र रिंग बसते ती आपल्या हातामुळे, आणि चुकते तीही आपल्या हातामुळे. पुढच्या वेळी काय बदलायचं हे तिथेच कळतं. काम चांगलं जमावं, कालच्यापेक्षा बरं जमावं, या ओढीला मॅक्लेलंड सिद्धीप्रेरणा म्हणत.

प्रेरणेचा विषय निघाला की वर्गात मास्लो या मानसशास्त्रज्ञाचा, माणसाच्या गरजा एकावर एक रचून दाखवणारा पिरॅमिड हमखास दाखवतात. मास्लोंच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, ते नंतर इतरांनी काढलं. आपल्याकडे गाजायला हवी होती ती दुसरी गोष्ट, कारण ती आपल्याच देशात घडली.

(पडद्यावर: नकाशा. गोदावरीच्या मुखाजवळ, समुद्रकाठी काकीनाडा.)

साल १९६४. काकीनाड्याचे ५२ व्यापारी आणि छोटे कारखानदार तुकड्यातुकड्यांनी हैदराबादला लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत राहायला गेले. धंदा सोडून काही दिवस बाहेर राहणं सोपं नव्हतं. तिथे त्यांना ना भांडवल मिळालं, ना यंत्रं, ना हिशेबाचे धडे. त्यांनी रिंगा टाकल्या आणि गोष्टी लिहिल्या.

गोष्टी लिहिण्याची रीत पाहण्यासारखी आहे. एक धूसर चित्र दाखवायचं, समजा टेबलापाशी बसलेला एक माणूस. हा कोण, काय विचार करतोय, पुढे काय होईल, ते चार-पाच मिनिटांत लिहायचं. एक जण लिहितो, तो घरच्या आठवणीत रमलाय. दुसरा लिहितो, त्याला नवं यंत्र बसवायचंय, अडचण पैशाची आहे, कुणाला भेटायचं ते तो ठरवतोय. या गोष्टींना गुण द्यायची पद्धत मॅक्लेलंड यांनी बसवली होती, आणि हैदराबादेत ती व्यापाऱ्यांनाच शिकवण्यात आली. आपण काय लिहिलं, त्यात ध्येय कुठे आहे, अडथळा कुठे आहे, मदत कुठून येणार आहे, हे ज्याचं त्यानं तपासायचं. मग स्वतःच्या धंद्याबद्दल पुढच्या दोन वर्षांचा बेत कागदावर उतरवायचा.

पुढची दोन वर्षं संशोधक या लोकांच्या मागावर राहिले. प्रशिक्षणाआधीच्या दोन वर्षांत थोड्याच लोकांनी धंद्यात काही ठळक हालचाल केली होती. नंतरच्या दोन वर्षांत तसं करणारे जवळपास दुप्पट झाले. कुणी नवा उद्योग काढला, कुणी आहे तो वाढवला, कुणी नवी माणसं कामाला ठेवली. भारतीय माणूस परंपरेत अडकलाय म्हणून उद्योगात मागे पडतो, असं तेव्हा परदेशातले अनेक विद्वान मानत. काकीनाड्यात ते दिसलं नाही. जुन्या चालीरीती पाळणारे व्यापारी इतरांपेक्षा मागे राहिले नाहीत.

यातला एक निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फरक ठळक दिसला तो ज्यांच्या हातात धंद्याचे निर्णय होते त्यांच्यात. तेच वर्ग, तोच खेळ, त्याच गोष्टी. पण परत गेल्यावर शेवटचा शब्द दुसऱ्याचा असेल, तर शिकलेलं सगळं मनातच राहतं. दुकानात दिवसभर बसूनही ज्याला माल बदलण्याची मुभा नसते, असा मुलगा आपल्याकडे गावोगाव आहे. तो आळशी आहे, असं सगळे म्हणतात. त्याला उभं कुठून राहायचं ते ठरवू दिलंय का, हे कुणी विचारत नाही.

(पडद्यावर: वेगवेगळ्या आकारांचे सात तुकडे. एक हात ते जुळवून घन करू पाहतोय.)

हाच धागा अमेरिकेत एका तरुण संशोधकानं वेगळ्या टोकानं पकडला. एडवर्ड डेसी. सोमा नावाच्या या कोड्यात सात तुकड्यांपासून निरनिराळे आकार करायचे असतात, आणि एकदा हातात घेतलं की ते खाली ठेववत नाही. डेसींनी विद्यार्थ्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या जणांना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. तिसऱ्या दिवशी पैसे कुणालाच नव्हते. प्रत्येक वेळी मधेच डेसी काहीतरी निमित्त काढून आठ मिनिटं खोलीबाहेर जात. टेबलावर मासिकं पडलेली, कोडं समोर, सांगणारं कुणी नाही. खरं मोजमाप होतं ते त्या आठ मिनिटांचं.

ज्यांना पैसे मिळाले होते, ते तिसऱ्या दिवशी कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावू लागले. जे आवडीनं करत होते, ते आता मोबदल्याचं काम झालं होतं. १९७१ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना पटलं नाही. मग १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांना चित्रं काढणाऱ्या मुलांतही तेच दिसलं. ज्यांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात स्केचपेनकडे कमी वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली.

याचा अर्थ पगार देऊ नका असा कुणी काढू नये. कंटाळवाण्या, कष्टाच्या कामाला मोबदला हवाच, आणि तो पुरेसा हवा. डेसींच्याच प्रयोगांत मनापासून दिलेल्या शाबासकीनं आवड वाढलेली दिसली. पुढे रिचर्ड रायन यांच्यासोबत त्यांनी मांडलं की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, काम जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं सोबत असणं.

म्हणून मला थकलेल्या माणसाला ‘तुझ्यात मोटिव्हेशनच नाही’ असं सुनावणारे व्हिडिओ बघवत नाहीत. पहाटे उठून चार डबे भरून लोकल गाठणाऱ्या बाईला जिद्द कमी पडत नाही. दिवसातला अर्धा तासही तिच्या मर्जीचा नसतो, हे तिचं दुखणं आहे.

तो अर्धा तास मिळाल्यावर तो निसटू नये यासाठी काय करायचं, याचं उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या कामात आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ कशी गेली ते दोन दिवसांत लिहून पाठवा. अर्ध्यांकडून आधीच ठरवून घेतलं की नेमकं कुठे बसून आणि कधी लिहिणार. न ठरवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशांनीच वेळेत पाठवलं, ठरवलेल्यांपैकी बहुसंख्यांनी. सणाच्या गडबडीत कुणाचा उत्साह जास्त होता अशातला भाग नाही. वेळ झाली तेव्हा त्यांना नव्यानं मनाची तयारी करावी लागली नाही, इतकंच.

घरात हे करून पाहायचं असेल तर दहावीतल्या मुलीला ‘अभ्यास कर’ म्हणण्याऐवजी विचारा: जेवण झाल्यावर कुठे बसशील, कोणता विषय आधी काढशील? आणि ती जे उत्तर देईल, ते तसंच राहू द्या. बीजगणिताऐवजी तिनं आधी इतिहास काढला, तरी.